बाही वर

पहिल्याच दिवशी चाचांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाही वर करा."

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आले होते. हातात नेमणुकीचं पत्र होतं. म्हटलं, "मी रक्त द्यायला नाही आले."

"बराबर. पण कधीतरी द्याल ना? बघून ठेवतो."

मी बाही वर केली. दोन्ही हात उलटसुलट बघून झाल्यावर ते म्हणाले, "शिरा चांगल्या आहेत. पिण्याचं पाणी त्या कोपऱ्यात." एवढंच माझं स्वागत झालं. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी त्यांच्याशी भांडत होते.

चाचा पनवेलच्याच एका कोकणी मुसलमान घरातले. घरातले निम्मे पुरुष आखातात, उरलेले दुकानात. चाचा दोन्हीकडे नव्हते. रक्त द्यायला आलेल्या माणसाला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचे, अर्ज भरून घ्यायचा आणि हा आज रक्त देऊ शकतो की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. कुणाला सुई टोचायची वेळ आली की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. आमच्यातल्या दोघी तंत्रज्ञ सुट्टीवर आहेत आणि बाहेर रांग लागली आहे, अशा दिवशीसुद्धा त्यांनी सुईला हात लावला नाही. घाबरतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवायला मला वेळ लागत नाही.

त्यांच्या तऱ्हा मोजायला बसले तर दिवस जाईल. मे महिन्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे, मनगटाचं बटण लावून. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, पण बटण सुटायचं नाही. शिबिराला जाताना अर्ज, शिक्के, वजनकाटा असं सगळं सामान ते एका लाल, कडक सुटकेसमधून न्यायचे. तिला पट्टे होते, कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची. "चाचा, विमान कितीचं आहे?" असं आमचा ड्रायव्हर दर शिबिराला विचारायचा. चाचा दर वेळी म्हणायचे, "लेट आहे."

तिसरी गोष्ट बिस्किटांची. रक्त दिल्यावर माणसाला आम्ही चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं देतो. पुडे भरपूर येतात, उरतात, आम्ही सगळेच खातो. चाचांनी कधी एक बिस्कीट उचललं नाही. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. एकदा मी पुडा पुढे केला तर म्हणाले, "ते देणाऱ्यांचं आहे." मी म्हटलं, "मग द्या ना तुम्हीपण एकदा." ते हसले आणि थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल, ते आठवलं की मला आजही बरं वाटत नाही.

मी लागले तेव्हा गोंदलेले हात म्हणजे आसपासच्या गावांतल्या वयस्कर बायकांचे. त्यांचं गोंदण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं, त्याला कुणाची हरकत नसायची. मग टॅटू आले. नवीन पनवेलला, खारघरला, उलव्याला, जिथे जिथे इमारत उभी राहिली तिथे तळमजल्यावर मेडिकल, मोबाईलचं दुकान आणि टॅटू. नियम साधा आहे: टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर रक्त घ्यायचं नाही. आधीच्या माणसाला वापरलेली सुई, आधीच्या माणसाची उरलेली शाई, यांतून बी आणि सी प्रकारची कावीळ येऊ शकते, एचआयव्हीही येऊ शकतो. हा प्रश्न अर्जावर छापलेलाच असतो. बाकी ठिकाणी "टॅटू आहे का? नाही? करा सही" एवढ्यावर काम होतं. चाचा बघायचे.

आणि बघताना आधी कौतुक करायचे. हे मला फार विचित्र वाटायचं. पोरीच्या खांद्यावरचं मोरपीस बघून म्हणायचे, "वा, काय रेषा काढली आहे! हात साफ आहे त्याचा." पोरगी खूश. मग विचारायचे, "कधी काढलं? इमानाने सांग हां." ती सांगायची, गेल्या महिन्यात. "सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं? शाई नव्या टोपणात ओतली? हातमोजे बदलले?" पोरगी मोरपिसावरून हात फिरवायची. "कातडी म्हणजे दार, बेटा. तू दार उघडलंस, हरकत नाही, तुझं घर आहे. पण चित्राबरोबर आत कोण कोण आलं, ते बघितलंस काय?" आणि तिला अकरा महिन्यांनंतरची तारीख लिहून द्यायचे.

डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे पिशव्यांची मारामार असते. फोनवर माणसं रडतात. अशा एका पावसाळ्यात चाचांनी एका सकाळी सात जणांना परत पाठवलं, आणि मी सगळ्यांसमोर चिडले.

"रक्त आपण तपासतोच ना? दूषित असलं तर फेकून देऊ. तुम्ही कशाला आधीच हाकलता?"

"रोग शिरल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत सापडत नाही, ताई. शिकवलंय ना तुला?"

"शिकवलंय. पण असा किती जणांना असतो?"

"एकाला असला तरी ज्याला पिशवी चढेल त्याला पूर्ण होतो. मशीनला जत्रा कुठे माहीत असते? ती मलाच विचारायला लागते."

जत्रा हा शब्द त्यांनी का वापरला, असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर होतं. उत्सवमूर्ती स्वतः पहिली पिशवी देणार, फोटोवाले तयार. साहेबांचा झब्बा मनगटापर्यंत. चाचा म्हणाले, "बाही वर करा." मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. साहेब मात्र शांत होते, त्यांनी बाही वर केली. दंडावर ठळक अक्षरांत 'आई', कडेची कातडी अजून गुलाबी.

"सुंदर आहे," चाचा म्हणाले. "आईला दाखवलंत?"

"पहिल्यांदा तिलाच दाखवलं."

"पुढच्या वाढदिवसाला या. या वर्षी नाही."

साहेबांनी हळूच विचारलं, "चाचा, फोटोपुरता आडवा झालो तर?"

"व्हा ना. सुई मात्र नाही लागणार."

साहेब आडवे झाले, हातात चेंडू धरून हसले, फोटो निघाला. दुसऱ्या वर्षी ते खरंच आले आणि न सांगता त्यांनी बाही वर केली.

सुट्टीच्या दिवशी चाचांचा वेगळाच उद्योग चालायचा. टॅटूच्या दुकानात जायचं आणि सांगायचं, "एक गुलाब काढायचा आहे." पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात थर्मास. दुकानदार बुचकळ्यात. मग हे विचारायचे, सुया कुठून आणता, उरलेली शाई काय करता, वापरलेली सुई कुठे टाकता. उत्तरं पटली तर म्हणायचे, "फुरसतीने येतो." पटली नाहीत तर तिथल्या तिथे पाऊण तास शिकवणी. पनवेलच्या निम्म्या टॅटूवाल्यांना हे गिऱ्हाईक माहीत झालं होतं. बाजारात भेटला की एखादा ओरडायचा, "चाचा, गुलाब कधी?" चांगलं काम करणाऱ्या तिघांची नावं ते लोकांना आपणहून सांगायचे. टॅटू काढूच नका, असं मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. इथल्या एका ढोलताशा पथकाने गणपतीच्या आधी, सरावाच्या मैदानावरच्या शेडमध्ये शिबिर ठेवलं. पहिला मुलगा बसला, चाचा म्हणाले, बाही वर. मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा ढोल, त्यावर झेंडा. दुसरी मुलगी, पथकातली ध्वज धरणारी. तिच्याही मनगटावर तोच ढोल, अर्धा पट्टीखाली. तिसऱ्याच्या हातावर तोच. चाचांनी पेन खाली ठेवलं.

"किती जणांनी काढलं?"

"अकरा जणांनी. पथकाला पाच वर्षं झाली म्हणून. मागच्या रविवारी."

"कुठे?"

"इथेच. टॅटूवाल्याला बोलावला होता. सगळ्यांचं मिळून स्वस्तात."

"सुई किती वेळा बदलली?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ध्वजवाली म्हणाली, "एकदा. मध्ये वाकडी झाली म्हणून."

मागून एक जण अभिमानाने म्हणाला, "आमीच बोललो त्याला, एकच सुई चालव. आमी भाऊ-बहीणच हाव ना सगले." हा ताशेवाला. गव्हाणचा, विमानतळाच्या कामावर डंपर चालवायचा. त्याचं नाव सांगणार नाही. रक्तपेढीतल्या माणसाने नावं सांगायची नसतात.

चाचांचा चेहरा मी तेव्हा बघितला. ते चिडले असते तर मला कळलं असतं. ते चिडले नव्हते. त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचारलं, "रांग कशी होती? आधी कोण बसलं, मग कोण? नीट आठवून सांगा." अकरा नावं त्यांनी बसल्या क्रमाने लिहिली. मग सगळ्यांना समोर उभं केलं. आज रक्त नाही. उद्या सकाळी सरकारी दवाखाना, तपासणी मोफत होते. काविळीची लस उद्याच सुरू करायची. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा.

"अहो चाचा, कुणाला काय झालेलं नाहीये!" पथकप्रमुख म्हणाला. "शिबिराला लोक आलेत, आमचीच पोरं परत पाठवलीत तर काय दिसेल ते?"

"दिसू दे."

त्या दिवशी आम्ही निम्म्याच पिशव्या घेऊन आलो. पेढीचे डॉक्टर बोलले, मीही गाडीत बोलले. चाचा सुटकेस मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी चाचा सकाळी आठला सरकारी दवाखान्याच्या दारात उभे. दहा जण आले. ध्वजवालीचं मनगट सुजून लाल झालं होतं. ओल्या जखमेवर घाम आणि ध्वजाच्या काठीचं घासणं, पू धरला होता. ती जखम भरायला तीन आठवडे लागले, आणि भरली तीसुद्धा जाड, वर आलेल्या वणासारखी. ढोलाचा आता माठ दिसतो, असं तीच सांगते. बाकीच्यांचं काही नव्हतं. अकरावा आला नाही. रांगेत तो सातवा होता, वाकडी सुई बदलल्यावर पहिला; बदललेली कोरी होती का, ते कुणी पाहिलं नव्हतं.

चाचांनी फोन केला. "बघतो चाचा, डुटी हाय." पुन्हा केला. "पावसात गाडी अडकलीय." मग फोन उचलणं बंद. चाचा गव्हाणला गेले. त्याची आई अंगणात सुकट निवडत होती.

"कशाला ओ येताव सारके? माजा पोर धडधाकट हाय. लगीन ठरलाय त्याचा, तुलशीच्या लगनानंतर. दवाखान्याचा नाव काढलाव तर सोयरे काय बोलतील?"

"म्हणूनच आलोय, बाय. लगीन ठरलंय म्हणूनच."

तिने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, मुलगा कुठे आहे ते सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला, तोवर दीड महिना होत आला होता, तो मागच्या दाराने गेला, ते चाचांनी पाहिलं. हे सगळं ते मला दुसऱ्या दिवशी थर्मासमधला चहा पिता पिता सांगायचे, तक्रार न करता, शेजारच्या गावचं हवामान सांगावं तसं.

मी म्हटलं, "सोडा आता. सज्ञान माणूस आहे. दोनदा सांगितलंत, पुष्कळ झालं."

ते पटकन म्हणाले, "दोनदा पुष्कळ होत नाही." आणि मग, "तुझी स्कूटर आहे ना? संध्याकाळी सरावाला सोडशील?"

मी सोडलं. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता, पण परत फिरण्याऐवजी मी स्कूटर लावली आणि त्यांच्या मागे गेले.

शेडमध्ये तीस ढोल आणि आठ ताशे एकदम वाजत होते. पत्रे थरथरत होते. तिथे ओरडूनसुद्धा काही ऐकू गेलं नसतं. चाचा सरळ आत शिरले आणि ताशेवाल्याच्या समोर जाऊन उभे राहिले. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं, काड्या चालूच. तेव्हा चाचांनी उजव्या हाताने डाव्या मनगटाचं बटण काढलं. बाही दुमडली, एकदा, दोनदा, कोपरापर्यंत. इतक्या वर्षांत मी तो हात पहिल्यांदा बघत होते. आतल्या बाजूला एक विंचू गोंदलेला होता, जुना, हिरवट, कडा पसरलेल्या.

ताशेवाल्याच्या काड्या थांबल्या. ताशा थांबला तसे ढोल एकेक करून गप्प झाले.

"दहा मिनिटं बस माझ्याबरोबर," चाचा म्हणाले. "मग जा वाजवायला."

आम्ही तिघं शेडच्या मागच्या पायरीवर बसलो. मी उठून जायला हवं होतं, पण चाचांनी हातानेच बस म्हटलं.

"आम्ही चौघं दोस्त होतो, एका गल्लीतले," ते सांगायला लागले. "मी एकटा मुसलमान. जत्रेत गेलो. झाडाखाली एक जण बॅटरीवर गोंदत होता. चौघांनी विंचू काढला. सुई एकच. आम्हीपण म्हटलं, आपण भाऊच. घरी बाबांनी बघितलं, दोन महिने बोलले नाहीत. आमच्यात गोंदत नाहीत. त्यानंतर मामाने कुवेतचा व्हिसा पाठवला. पासपोर्ट झाला, कपडे शिवले, नवी सुटकेस घेतली. आखातात जायचं तर आधी मेडिकल करतात, माहीत आहे ना? बाकी सगळ्यांचे कागद आले. माझ्यावर शिक्का: अनफिट. बी कावीळ. मला तर काही होत नव्हतं. तुझ्यासारखाच धडधाकट."

"मं?" ताशेवाला म्हणाला.

"मग मी त्या तिघांकडे गेलो. म्हटलं, तपासून घ्या. दोघांनी घेतलं, साफ निघाले. तिसरा हसला. म्हणाला, तू अरबस्तानात जाणार म्हणून तुला तपासलं, मी कुठे चाललोय? आणखी एकदा गेलो. त्याने चारचौघांत टिंगल केली. मला राग आला. तिसऱ्यांदा गेलो नाही." चाचांनी विंचवावर अंगठा ठेवला. "वीस वर्षांनी त्याच्या पोटात पाणी भरलं. लिव्हर गेलं होतं. दवाखान्यात मला म्हणाला, तू परत का नाही आलास रे?"

शेडमध्ये कुणीतरी ढोलाची दोरी ताणत होतं. ताशेवाला काड्या दोन्ही हातांत धरून बसला होता.

"चाचा, मला परवापासून जेवान जात नाय," तो म्हणाला. "लघवी पिवली होते."

"उद्या आठ वाजता," चाचा म्हणाले आणि बाही खाली करून बटण लावलं.

मी त्या रात्री भाजी करपवली. 'द्या ना तुम्हीपण एकदा' हे माझंच वाक्य कानात वाजत होतं. सुईला हात न लावणं, स्वतंत्र थर्मास, लेट असलेलं विमान, सगळं जागच्या जागी बसलं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "अर्जाचे कागद संपलेत, ताई. मागवले काय?" त्यामुळे मी कागद मागवले.

ताशेवाल्याची तपासणी आली: बी कावीळ, ताजी. तो कागद घेऊन बाकावर बसला. चाचा त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि नेहमीच्या टेबलावरच्या आवाजात बोलायला लागले. मोठ्या माणसाला झालेली ही कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते. काहींची राहते, माझी राहिली. तुझं काय होणार ते सहा महिन्यांनी कळेल. तोवर दारू नाही, गावठी औषध नाही, डॉक्टरची तारीख चुकवायची नाही. आईच्या ताटात जेव, तिला मिठी मार, त्याने काही होत नाही. दाढीचं ब्लेड कुणाला द्यायचं नाही. घरच्यांना लस.

"आनि ती?" तो म्हणाला. लग्न ठरलेली मुलगी शिरढोणची होती.

"तिला तूच सांगायचं. मी नाही, तुझी आई नाही."

"ती मोडेल लगीन."

"मोडू दे. पण न सांगता लगीन केलंस तर मी मांडवात येईन, सांगून ठेवतो."

तो गेला शिरढोणला. काय झालं ते नंतर त्यानेच आम्हाला सांगितलं. हा बोलता बोलता रडायला लागला. ती म्हणाली, "सुया मला ग्यायच्या हायत ना? मं तू कशाला रडतोस?" आणि दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः चाचांसमोर येऊन बसली, लस कधी, किती, कुठल्या दंडात, सगळं विचारून गेली. बसल्या बसल्या तिने आपणहून बाही वर केली. लग्न पुढे ढकललं. सोयऱ्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पत्रिकेचा दोष वगैरे काहीतरी असेल.

ते सहा महिने चाचांनी कसे काढले ते मी शेजारून पाहिलं. बाकीच्या दहा जणांची दुसरी तपासणी साफ आली, तिसरी साफ आली, ते नावापुढे खूण करायचे आणि कागद सुटकेसमध्ये परत ठेवायचे. सातव्या नावापुढे जागा मोकळी. एकदा मी त्यांना ताशेवाल्याशी फोनवर बोलताना ऐकलं. "भूक लागते? काय खाल्लंस? भाकरी किती?" ते भाकऱ्यांची संख्या ऐकून मान हलवत होते.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. पोरगा तो न उघडता आमच्याकडे घेऊन आला. चाचांनी उघडला, वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे दिला. "तू वाच. माझा नंबर वाढलाय बहुतेक."

मी मोठ्याने वाचलं. विषाणू गेला होता. शरीराने स्वतःच त्याला हाकलून दिलं होतं, आणि आता ती कावीळ त्याला पुन्हा होणार नव्हती.

चाचा उठून हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

लग्न एप्रिलमध्ये झालं, चाचा मांडवात गेले, पण जेवायला.

त्यानंतर जुलैत पथकाचं पुन्हा शिबिर. निवृत्तीपूर्वीचं चाचांचं शेवटचं. टॅटूला वर्ष होऊन वर आठ दिवस झाले होते, ते त्यांनी मोजून ठेवले होते. दहा जण रांगेत, सगळ्यांच्या बाह्या वर. ध्वजवालीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, ती वैतागून बीट खायला घरी गेली. नऊ जणांनी रक्त दिलं. मी पिशव्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या लावत होते.

ताशेवाला चहा वाटत होता. कावीळ उतरली तरी ज्याला ती एकदा होऊन गेली त्याचं रक्त आम्ही घेत नाही, आयुष्यभर. हे त्याला चाचांनीच सांगितलं होतं. रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन तो चाचांच्या टेबलापाशी आला आणि बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे ठेवला.

चाचा म्हणाले, "ते देणाऱ्यांचं आहे."

"मला म्हायती हाय."

"मग उचल."

"चाचा, नऊ पिशव्या भरल्यात ना? तुमी गव्हानला दोन-दोन खेपा नसत्या मारल्यात तर त्यातली एक तरी कुनाच्या अंगात काय घेऊन गेली असती, सांगा. दिलाव की तुमी." त्याने एक बिस्कीट काढून चाचांच्या अर्जावर ठेवलं. "आनि तुमी खाल्लात तरच मी खानार. सकालपास्नं भूक लागलीय."

हिशोब त्याचा चुकला होता. त्या नऊ जणांत तसं कुणीच नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं होतं, आणि मिटलं.

चाचा त्या बिस्किटाकडे बघत बसले. मग डावं मनगट पुढे केलं, बटण काढलं, बाही दोनदा दुमडली. जुलैतला उकाडा होता, पत्र्याखाली सगळेच भिजलो होतो. विंचू सगळ्यांना दिसला. त्यांनी बिस्कीट चहात बुडवून खाल्लं.

"मऊ पडलंय," ते म्हणाले, आणि दुसरं घेतलं.